जुबाच्या पगारावर फ्लॅट घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण सुदानमध्ये जुबाला पाणीपुरवठा प्रकल्पावर दोन वर्षांचा करार, महिना ४,००० डॉलर, म्हणजे आत्ताच्या अडीचपट. त्या भरवशावर नोकरी सोडावी का आणि दुसऱ्या फ्लॅटचं कर्ज आत्ताच काढावं का?

जायला माझी हरकत नाही, कर्जाला आहे.

तुम्ही सरळ ४,००० गुणिले २४ केलंत. पण तुम्हीच पाठवलेल्या करारातलं अकरावं कलम वाचा: सुरक्षेची परिस्थिती बिघडली तर करार विनानोटीस संपेल आणि पगार कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंतच मिळेल. जुबात जुलै २०१६ मध्ये लढाई पेटली तेव्हा कितीतरी परदेशी कर्मचाऱ्यांना घाईघाईने हलवावं लागलं. एप्रिल २०२३ मध्ये शेजारच्या सुदानात तर युद्धाच्या पहिल्याच दिवशी राजधानी खार्तूमचा विमानतळ बंद पडला. तेव्हा खात्रीचा पगार सहा महिन्यांचाच धरा. त्यावर वीस वर्षांचा हप्ता कसा बसवणार?

मला त्याहून खटकला तो घरभाडे भत्ता. ४,००० पैकी १,२०० डॉलर स्थानिक पौंडांत, तेही सही करतानाच्या दराने! म्हणजे पौंड घसरला तर तोटा तुमचा. डिसेंबर २०१५ मध्ये तिथे पौंडाचा सरकारने बांधून ठेवलेला दर सोडून दिला, तेव्हा तीन पौंडांच्या आसपासचा डॉलर एका दिवसात अठराच्या वर गेला. सगळा पगार डॉलरमध्ये आणि त्या देशाबाहेरच्या खात्यात मागा. जवळ खर्चापुरतेच पैसे ठेवा. रोख नेणार असाल तर २००६ नंतरच्या मालिकेच्या, न फाटलेल्या नोटा न्या. जुन्या तिथे सहसा घेत नाहीत.

विम्याचं म्हणाल तर कंपनीचं आरोग्य कवच तुम्ही आजारी पडलात तर विमानाने हलवेल, गोळीबार सुरू झाला म्हणून नाही. सुरक्षा स्थलांतराची तरतूद वेगळी असते, ती करारात लिहून घ्या. अपघात विम्यात युद्ध आणि यादवी बहुधा वगळलेली असते. मुदत विमा कंपनीला निघण्याआधी लेखी कळवा, उत्तरही लेखीच घ्या. युद्धजोखमीचा विमा मालकाने काढावा. नाही म्हणाला तर त्याचा प्रीमियम पगारातून वजा करून बघा, अडीचपटीतली बरीच हवा निघून जाईल.

राजीनाम्याआधी बिनपगारी रजा मागून बघा, विचारायला पैसे पडत नाहीत. पहिली बचत घरच्या वर्षभराच्या खर्चासाठी बाजूला टाका, पुढची चालू कर्जात भरा. फ्लॅटचं वर्षभराने बोलू. बिल्डरची ‘ऑफर याच महिन्यापुरती’ असेल तर असू दे.