कॉम्प्रेसर बदलू की नवा एसी घेऊ?

प्रश्न: आमचा 1.5 टनाचा स्प्लिट एसी 9 वर्षांचा आहे, साधा, इन्व्हर्टर नसलेला. गेल्या 3 वर्षांत 2 वेळा गॅस भरला. आता बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतो, आतून घरघर येते आणि थोड्या वेळात ती थांबते. हवा थंड होतच नाही. दुरुस्तीवाला म्हणतो कॉम्प्रेसर गेला, बदलायला नव्या एसीच्या साधारण 40 टक्के खर्च येईल. घरात वयस्कर आई आहे. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशांतून दुरुस्ती करू, की हप्त्यांवर नवा घेऊ?

उत्तर: पैशांचा विचार करण्याआधी एक तपासणी करून घ्या. तुम्ही सांगितलेली घरघर जाम झालेल्या कॉम्प्रेसरची असू शकते, तशी उतरलेल्या कपॅसिटरचीही असू शकते. कॉम्प्रेसरच्या मोटरला सुरू होताना लागणारा जोर कपॅसिटर देतो. तो कमजोर झाला की मोटर जागच्या जागी गुरगुरते, तापते आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच, तिला बंद करतो. पंखा मात्र फिरत राहतो, त्यामुळे लक्षण हुबेहूब तुमच्यासारखंच दिसतं. म्हणून दुरुस्तीवाल्याला नेमकं विचारा: कपॅसिटर मीटरवर मोजला का, आणि त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) किती कमी भरला? कॉम्प्रेसरच्या तिन्ही टर्मिनलमधला रेझिस्टन्स पाहिला का? वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली गुंडाळलेली तार, बाहेरच्या धातूच्या बॉडीला लागतंय का? यातलं काहीच मोजलं नसेल, तर त्याचं म्हणणं मी अंदाजातच धरते. अंदाजावर 40 टक्के खर्च करू नका, दुसऱ्या माणसाला तपासायला बोलवा.

आता हिशेब. नव्या एसीची किंमत 100 धरा आणि तो 10 वर्षं चालेल असं माना. म्हणजे वर्षाला 10. कॉम्प्रेसर बदलायला 40 लागतील. पण कॉइल, पंख्याची मोटर आणि तांब्याचे जोड सगळे 9 वर्षांचेच राहणार. ते अजून 3 वर्षं टिकले, तरी वर्षाला 13 हून जास्त पडले. शिवाय जुन्या यंत्राची वीज जास्त. स्वस्त वाटणारी दुरुस्तीच इथे महाग आहे. ती नव्याच्या बरोबरीला यायला हा एसी अजून किमान 4 वर्षं विनातक्रार चालायला हवा, आणि गॅसचा इतिहास पाहता मला ते होईल असं वाटत नाही. उलट दोष कपॅसिटरचाच निघाला, तर खर्च 2-4 च्या घरात. त्या पैशांत एकच उन्हाळा निघाला, तरी मी तो खर्च आनंदाने करायला सांगेन.

गॅसबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमचे पैसे खरे तिथे गेले आहेत. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता दोनदा गॅस भरला असेल, तर तुम्ही दोनदा त्या भोकाचं भाडं भरलंत. कमी गॅसवर कॉम्प्रेसरही नीट थंड राहत नाही, त्यामुळे तो आज खरंच गेला असेल तर कारण बहुधा हेच. पुढे कधीही गॅस भरायची वेळ आली, तर आधी नायट्रोजन भरून गळती दाखवायला सांगा, जोड दुरुस्त करून घ्या, मग व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा काढून टाकणं, आणि शेवटी गॅस. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर गॅसचं नावही वाचा. आर-22 असेल, तर दुरुस्तीचा विषय माझ्या दृष्टीने संपला. ओझोनच्या थराला बाधक म्हणून हा गॅस 1987 च्या मॉन्ट्रियल करारांतर्गत जगभर टप्प्याटप्प्याने बंद केला जातो आहे, आणि त्याच्या यंत्रात नव्या एसींतला आर-32 गॅस भरता येत नाही.

कॉम्प्रेसर खरोखर गेला असेल, तर नवा घ्या. वयस्कर माणसाचं शरीर उष्णता लवकर बाहेर टाकू शकत नाही, त्यामुळे तुमच्या घरात ही चैन नाही. अडीअडचणीचा निधी अशाच वेळेसाठी असतो. निम्मी रक्कम त्यातून घ्या, उरलेल्या रकमेचे हप्ते 6 महिन्यांच्या आत संपतील असे बघा. ‘शून्य व्याज’ म्हणत असतील, तर आधी रोखीचा भाव विचारा. दोन भावांतला फरक म्हणजेच तुमचं व्याज. दीर्घ मुदतीची गुंतवणूक यासाठी मोडू नका.

वार्षिक देखभाल करार तुम्ही विचारला नाहीत, पण नव्याबरोबर तो समोर येईलच. पार्टस, गॅस आणि पीसीबी (एसीचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) त्यात आहेत का, ते वाचा. नुसती धुलाई आणि मजुरी असेल, तर हंगामापूर्वी एकदा पैसे देऊन सर्व्हिस केलेली पुरते. फिल्टर मात्र वापराच्या दिवसांत दर 2 आठवड्यांनी स्वतः धुवा. हवा अडली की आतल्या कॉइलवर बर्फ साचतो आणि लोक त्यालाही ‘गॅस संपला’ समजतात. बर्फ दिसला तर थंड करणं बंद करून एसीचा नुसता पंखा चालू ठेवा, आणि बर्फ वितळल्यावर मगच निदान करू द्या. पाणी घरात टपकत असेल, तर आधी ड्रेन पाइप तुंबलाय का बघा.

हप्ते आणि निधीची भरपाई झाली, की पुढच्या महिन्यापासून नव्या एसीच्या किमतीचा 1 टक्का वेगळ्या खात्यात टाका. 100 महिन्यांत, म्हणजे 8 वर्षं 4 महिन्यांत, पूर्ण किंमत जमते. मधल्या किरकोळ दुरुस्त्याही त्यातूनच करा.

तपासणी उद्याच करून घ्या आणि दोन दिवसांत निर्णय घ्या. तोवर आईंना घरातल्या सर्वांत थंड खोलीत झोपवा.