उमेदवाराचं परराष्ट्र धोरण ओळखायचं असेल तर जुने कागद काढा

भोसरीतल्या तुमच्या कारखान्यातून सुटे भाग अमेरिकेला जातात, आणि 2028 मध्ये निवडून येणारा अमेरिकेचा अध्यक्ष बाहेरच्या देशांशी कसा वागेल याचा अंदाज आधीच कसा बांधायचा, असं तुम्ही विचारलंत. 2025 च्या ऑगस्टमध्ये बऱ्याच भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर गेलं, तेव्हा ही काळजी रास्तच आहे.

प्रचारातली भाषणं मी सगळ्यात शेवटी वाचतो. 2000 च्या डिबेटमध्ये तेव्हाचे उमेदवार धाकट्या बुशनी ठासून सांगितलं होतं की अमेरिकेनं नम्र राहावं, दुसऱ्यांचे देश उभारत बसू नये. मी वहीत लिहिलं, ‘हा बाहेरच्या भानगडीत पडणार नाही.’ 2003 मध्ये इराकवर हल्ला झाला. ती ओळ मी खोडली नाही. खाली लाल शाईनं लिहिलं, ‘आजूबाजूची माणसं बघ.’ सद्दामला हटवा अशी मागणी करणारं पत्र 1998 मध्येच क्लिंटनना गेलं होतं. त्यावर पुढे बुशचे संरक्षणमंत्री झालेले रम्सफेल्ड आणि त्यांचे उपमंत्री झालेले वुल्फोवित्झ यांच्या सह्या होत्या, आणि वुल्फोवित्झ तर प्रचारात बुशचे सल्लागार होते. 11 सप्टेंबर 2001 कुणाच्याच हिशेबात नव्हतं हे खरं. पण घाव बसल्यावर ही मंडळी कुठे वळतील, ते त्या पत्रात होतं.

त्याच गोटातल्या, बुशच्या परराष्ट्र सल्लागार कोंडोलिझा राइस यांनी 2000 च्या सुरुवातीला लिहिलं होतं, की चीन भारताला हिशेबात धरतो, अमेरिकेनंही धरावं. खुद्द बुशना 1999 मध्ये एका मुलाखतीत आपल्या पंतप्रधानांचं नाव सांगता आलं नव्हतं. 2005 मध्ये अणुकराराची घोषणा मात्र मनमोहन सिंगांसोबत त्यांनीच केली.

मतं मागायची नव्हती तेव्हा माणूस काय म्हणत होता, तेही शोधा. जपान आपल्या जिवावर गबर होतोय, अशा पानभर जाहिराती ट्रम्पनी 1987 मध्येच दिल्या होत्या. बायडेन 2009 मध्ये अफगाणिस्तानात मोठी जादा फौज पाठवायच्या विरोधात होते. 2021 मध्ये त्यांनी फौज काढूनच घेतली.

आणि गोष्ट एकट्या अध्यक्षाच्या हातातली आहे का? ग्वांतानामोचा तुरुंग बंद करायला ओबामा निघाले, काँग्रेसनं म्हणजे तिथल्या संसदेनं पैसेच अडवले. करारातून बाहेर पडायला मात्र बऱ्याचदा एक सही पुरते.

तुमच्या कामाचं सांगतो. कॅनडावरच्या शुल्काविरुद्धचा ठराव एप्रिल 2025 मध्ये सिनेटनं, म्हणजे त्या संसदेच्या वरच्या सभागृहानं, 51 विरुद्ध 48 मतांनी मंजूर केला. उमेदवार सिनेटर असेल, तर त्या दिवशी त्यानं मत कुठे टाकलं ते आधी बघा.