बाबांच्या स्वेटरच्या बाह्या यंदा राहू देत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी यादी वाचली. बाबांना पूर्ण बाह्यांचा स्वेटर, आजीला जाळीची शाल, भावाला टोपी, मैत्रिणीला मोजे आणि बहिणीच्या बाळाला बोरन्हाणासाठी काळा स्वेटर. सगळं नाताळच्या सुट्टीत घरी जाताना बॅगेत हवं, असं लिहितेस. आजपासून सहा आठवडे आहेत. त्यात काय बसतं ते आजच पाहू, कारण यादी आत्ता कापली तर वाईट वाटतं तेवढंच. २३ डिसेंबरला कापावी लागली तर हातातलं एकही धड पूर्ण झालेलं नसतं.

घड्याळ लावून बाबांच्या स्वेटरची एक ओळ विण. मिनिटाला साधारण २५ टाके पडतात असं धरते. बाबांची छाती आणि थोडा सैलपणा मिळून पाठ ५४ सेंटीमीटर रुंद हवी. तू विणून पाहिलेल्या छोट्या नमुन्याच्या तुकड्यात १० सेंटीमीटरला २२ टाके येतात, म्हणजे सुईवर १२०च्या आसपास टाके, आणि एका ओळीला पाच मिनिटं. लांबी ६५ सेंटीमीटर. सेंटीमीटरला तीन ओळी धरल्या तर १९५ ओळी. एकटी पाठ सोळा तास! पुढचा भाग गळ्यामुळे थोडा कमी, पंधरा धर. दोन बाह्यांचे आणखी पंधरा. नोकरी सांभाळून तू रोज एक तास आणि शनिवार-रविवारी दोन-दोन तास बसलीस, तर आठवड्याला नऊ तास होतात. शेवटचा आठवडा मी विणायला देणारच नाही, तो कशाला ठेवायचा ते पुढे सांगते. उरले पंचेचाळीस तास. म्हणजे बाह्यांसकट स्वेटर केलास तर दुसऱ्या कशालाही हात लावता येणार नाही, आणि त्यातही एक दिवस ताप आला की गणित मोडलं.

म्हणून बाबांना हाफ स्वेटर कर. हे कमीपणाचं समजू नकोस. आपल्याकडच्या थंडीत सकाळी शर्टावर घालून दुपारपर्यंत अंगावर राहतो तो हाफ स्वेटरच. पूर्ण बाह्यांचा दहा वाजता उतरतो आणि खुर्चीच्या पाठीवर जातो. वाचलेल्या तासांत आजीसाठी मऊ कानटोपी आणि भावाची टोपी आरामात होईल. आजीला शालीपेक्षा कानटोपीच जास्त लागेल, पहाटे उठणारं माणूस ते.

आता ‘नमुना अरुंद येतोय’ या तुझ्या तक्रारीबद्दल. नेटवरून घेतलेलं माप अमेरिकन आहे आणि त्यात आठ नंबरची सुई लिहिली आहे. त्यांची आठ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. आपल्या दुकानात आठ नंबर मागितली की जुन्या ब्रिटिश मापाची ४ मिलिमीटरची मिळते. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. त्यांच्या हिशेबाने १० सेंटीमीटरला १८ टाके, म्हणून ते पाठीला ९७ टाके घालायला सांगतात. तुझ्या सुईवर त्या ९७ टाक्यांची पाठ ४४ सेंटीमीटरच भरेल, आणि पुढची-मागची मिळून वीस सेंटीमीटर कमी पडतील. तुझी वीण छान घट्ट आणि एकसारखी आहे, सुई बदलू नकोस. टाके वाढव. लोकरीचे उरलेले गुंडेही आजच आण आणि लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या लोकरीचा नंबर, जुळवून घे. रंग तोच असला तरी लॉट बदलला की छातीवर आडवा पट्टा दिसतो.

बाळाच्या काळ्या स्वेटरची घाई तर मुळीच नको. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, तेव्हा हा स्वेटर जानेवारीतला आहे. काळी लोकर रात्री ट्यूबलाइटखाली विणायची नाही, टाका दिसत नाही आणि डोळे दुखतात. तो रविवारी सकाळी खिडकीशी बस आणि विण. माप एक नंबर मोठं घे आणि एका खांद्यावर बटणं ठेव. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, बंद गळ्यातून ते काढताना आई आणि बाळ दोघंही रडकुंडीला येतात.

शेवटचा आठवडा मी मागून घेतला तो जोडणीसाठी. सुईवरून शेवटचा टाका उतरला की स्वेटर झाला असं पुष्कळ जणी धरतात, आणि मग प्रवासाच्या आदल्या रात्री खांदे शिवत बसतात. ती शिवण नंतर प्रत्येक फोटोत दिसते. खांदे आधी जोड, मग गळ्याचे टाके उचल, मग काखेच्या पट्ट्या, कडेची शिवण सगळ्यात शेवटी. दिवसाउजेडी, बोथट टोकाच्या सुईने. गळ्याची पट्टी बंद करताना हातात जाड सुई घे, नाहीतर बाबांच्या डोक्यातून गळा जाणार नाही. धाग्याची टोकं गाठ मारून कापू नकोस, आतल्या बाजूने चार-पाच टाक्यांतून फिरवून लपव. मग कोमट पाण्यात बुडवून, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाब आणि मापात पसरून वाळव. दोरीवर टांगलास तर ओला स्वेटर स्वतःच्या वजनाने लांब होईल. डिसेंबरात वाळायला दोन दिवस धर. आणि इस्त्री लांब ठेव! तुझी लोकर ॲक्रिलिकची आहे. गरम वाफ लागली की तिचा जीव जातो, पट्ट्यांचा ताण गेला की पुन्हा येत नाही.

शाल आणि मोजे आता बाजूला ठेव, पण नीट ठेव. टाके जाड दोऱ्यावर उतरव, म्हणजे सुया मोकळ्या होतील. पिशवीत चिठ्ठी घाल. तिच्यावर सुईचा नंबर, लॉट नंबर आणि नक्षीची कितवी ओळ झाली ते लिही. फेब्रुवारीत पिशवी उघडशील तेव्हा यातलं काही आठवणार नाही.

एका ओळीला खरोखर किती मिनिटं लागली ते रविवारपर्यंत कळव. सहापेक्षा जास्त लागत असतील तर भावाची टोपीही जानेवारीवर टाकू.

तुझी,
मावशी