गोल्ड हातातून चाललंय, आता प्रोग्रॅम बदलू का?

वाचकांचे प्रश्न : विमानप्रवास

प्रश्न : ताई नमस्कार. कामासाठी मला सारखा लांबचा विमानप्रवास करावा लागतो. बरीच वर्षं मी स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटातल्या एकाच एअरलाईनच्या, नेहमी उडणाऱ्यांसाठीच्या प्रोग्रॅममध्ये आहे आणि तिथला गोल्ड हा वरचा दर्जा (स्टेटस) टिकवून आहे. पण मध्ये त्यांनी नियम बदलले, आता किती अंतर उडालात यापेक्षा तिकिटाला किती पैसे पडले ते बघतात, आणि माझं तिकीट ऑफिस काढतं, तेही सगळ्यात स्वस्त असेल ते, त्यामुळे प्रवास तेवढाच असूनही यंदा गोल्ड जाणार हे दिसतंय. त्यातच नवीन प्रोजेक्ट मिळालाय आणि तिथे जायला स्कायटीम या दुसऱ्या गटाच्या फ्लाइट्स जास्त सोयीच्या आहेत, म्हणून त्यातल्या एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लू या प्रोग्रॅममध्ये जावं असा विचार आहे. पण जुन्या अकाउंटमध्ये दीड लाख माइल्स, म्हणजे प्रवासावर मिळालेले पॉइंट्स, पडलेत, ते सोडवत नाहीत. घरचे म्हणतात इतकी वर्षं एका ठिकाणी काढलीस, आता कशाला बदलतोस. तुम्ही काय सांगाल?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात, त्या आधी सुट्या करूया. माइल्स वेगळे आणि स्टेटस वेगळं. तुम्ही उद्यापासून दुसरीकडे उडायला लागलात म्हणून ते दीड लाख माइल्स कुणी काढून घेत नाही, अकाउंट तुमचंच राहतं, फक्त त्यांची मुदत सांभाळायची. आणि गोल्डचं म्हणाल तर तुम्हीच लिहिलंय की ते तसंही जाणार आहे, म्हणजे थांबलात तरी जाणार आणि निघालात तरी जाणार. मग माइल्ससाठी थांबायचं कारण उरतं कुठे? ‘इतकी वर्षं काढली’ हेही मला पटत नाही, अपवाद एकच. काही प्रोग्रॅममध्ये आयुष्यभराचं स्टेटस असतं, उदाहरणार्थ अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्समध्ये त्यांच्या विमानांनी दहा लाख माइल्स उडालात की गोल्ड कायमचं मिळतं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये असं काही आहे का आणि तुम्ही त्याच्या किती जवळ आलात ते एकदा लॉगिन करून बघा. अगदी जवळ असाल तर उरलेलं अंतर पूर्ण करून मग निघा, नाहीतर मागचा हिशोब मागेच राहू द्या.

नियम बदलले ही तक्रार तुमच्या एकट्याची नाही. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ॲडव्हांटेज हा त्यांचा प्रोग्रॅम सुरू केला तेव्हा उडालेल्या अंतरावर माइल्स मिळायचे आणि पुढे कितीतरी वर्षं बहुतेक ठिकाणी हेच चाललं, मग २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने आणि २०१६ मध्ये अमेरिकनने माइल्स तिकिटाच्या पैशांवर द्यायला सुरुवात केली, आणि ब्रिटिश एअरवेजने तर १ एप्रिल २०२५ पासून स्टेटससुद्धा मुख्यतः खर्चावर नेऊन ठेवलं. एअरलाईनच्या बाजूने बघितलं तर महागडं तिकीट घेणारा त्यांना जास्त हवा असतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ज्याचं तिकीट ऑफिस काढतं आणि स्वस्तातलं काढतं, त्याने अशा प्रोग्रॅममध्ये कितीही जीव तोडून प्रवास केला तरी तो मागेच पडणार. म्हणून तुमच्यासारख्यांनी पहिल्यांदा एवढंच बघायचं की प्रोग्रॅम मोजतो काय, पैसे की अंतर की फ्लाइट्सची संख्या, बाकीचं सगळं नंतर.

आता फ्लाइंग ब्लू. तिथे स्टेटससाठी एक्सपी नावाचे वेगळे पॉइंट्स मोजतात आणि ते अंतराच्या टप्प्यावर आणि केबिनवर ठरतात, तिकीट कितीला पडलं यावर नाही, त्यामुळे तुमच्या परिस्थितीला ते खरंच जुळतंय. दोन हजार माइल्सच्या आतल्या आंतरराष्ट्रीय फ्लाइटला इकॉनॉमीत ५ एक्सपी, साडेतीन ते पाच हजार माइल्सच्या फ्लाइटला १०, पाच हजारांच्या वर १२, आणि बिझनेसला याच्या तिप्पट. समजा तुम्ही साडेतीन ते पाच हजार माइल्सची एक लांबची फ्लाइट घेऊन पॅरिसला किंवा ॲमस्टरडॅमला उतरता आणि तिथून युरोपातच छोटी कनेक्टिंग घेता, तर एका बाजूचे १५ आणि जाऊन-येऊन ३० झाले. गोल्डला १८० लागतात, म्हणजे सहा फेऱ्या. हे ऐकून लोक खूश होतात आणि इथेच फसतात, कारण ते १८० शून्यापासूनचे नाहीत. आधी १०० करून सिल्व्हर या खालच्या पायरीवर यायचं, मग ते १०० वजा होतात, नवीन बारा महिने सुरू होतात आणि तिथून पुढे १८० करायचे. म्हणजे अगदी नव्या माणसाला एकूण २८०, तुमच्या हिशोबाने नऊपेक्षा जास्त फेऱ्या. एकदा गोल्ड झालं की टिकवायला मात्र दरवर्षी १८० पुरतात. थेट फ्लाइट घेतलीत तर एक्सपी कमी पडतात हेही धरून चला, पण एक्सपीसाठी मुद्दाम दोन विमानं बदलत जाऊ नका, दमलेल्या माणसाला वेळेवर घरी पोचणं कुठल्याही कार्डापेक्षा मोलाचं असतं आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय.

म्हणून माझं पहिलं सांगणं, मागच्या वर्षीचं स्टेटमेंट बाजूला ठेवा आणि पुढच्या बारा महिन्यांचं कॅलेंडर घ्या. प्रोजेक्ट किती दिवस चालणार, किती फेऱ्या नक्की, किती ‘बहुतेक’, हे बॉसला विचारून लिहून काढा. नक्कीच्या फेऱ्या सहा किंवा जास्त निघाल्या आणि प्रोजेक्ट वर्षभराच्या पुढे जाणार असेल तर बदला, मी तुमच्या जागी असते तर बदललं असतं. तीन-चारच निघाल्या तर बदलून काही हाती लागणार नाही, तिकडचं सिल्व्हर आणि इकडचं काहीच नाही अशी अवस्था होईल.

आणि बदलायचं ठरलं तर शून्यापासून चढायच्या आधी स्टेटस मॅचचं विचारा. म्हणजे तुमच्याकडे एका अलायन्सचं गोल्ड आहे ते दाखवून दुसऱ्या अलायन्सच्या एअरलाईनकडून त्याच दर्जाचं स्टेटस मागायचं. काही जण सरळ देतात, बरेचसे आधी तीन-चार महिन्यांसाठी देतात आणि तेवढ्यात ठरावीक फ्लाइट्स केल्या तरच पुढे चालू ठेवतात, त्याला चॅलेंज म्हणतात. ऑफर कधी चालू असते कधी बंद, आणि पुष्कळ ठिकाणी ती एका माणसाला एकदाच मिळते किंवा मध्ये काही वर्षं जावी लागतात, म्हणून ही संधी उगाच वापरून टाकू नका. अर्ज करायचा तो गोल्ड जिवंत असतानाच. कार्डाची मुदत संपल्यावर मॅच करायला काही उरत नाही, शिवाय ते नुसतं कार्ड नाही बघत, तुम्ही स्वतः उडून स्टेटस कमावलंय हे दाखवणारं स्टेटमेंटही मागतात, ते आत्ताच डाउनलोड करून ठेवा. आणि चॅलेंज सुरू करायचं ते तुमच्या सर्वात जास्त प्रवासाच्या महिन्यांच्या तोंडावर, सुट्टीच्या किंवा रिकाम्या महिन्यांत नाही, नाहीतर मुदत बसल्या जागी संपते.

आता एक गोष्ट जी तुमच्या पत्रात आलीच नाही आणि माझ्या मते हीच जास्त लोकांच्या कामाची आहे. एअरलाईन आणि प्रोग्रॅम एकच असावा लागतो असं नाही. तुम्ही आत्ता ज्या विमानांनी जाता त्याच विमानांनी जात राहून त्यांचे माइल्स स्टार अलायन्समधल्याच दुसऱ्या एअरलाईनच्या प्रोग्रॅममध्ये जमा करू शकता, बुकिंगमध्ये फक्त त्यांचा मेंबर नंबर टाकायचा. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये अजून अंतर आणि बुकिंग क्लासवर (तिकिटाचा भाड्याचा प्रकार, तो एका अक्षराने दाखवतात) मोजतात, बारा महिन्यांत ५०,००० एलिट माइल्सला, म्हणजे स्टेटससाठी मोजल्या जाणाऱ्या माइल्सला, गोल्ड. ते गोल्ड त्या अलायन्समध्ये सगळीकडे चालतं, लाउंज, जास्तीची बॅग, लवकर बोर्डिंग, सगळं. पण स्वस्त बुकिंग क्लासला तिथे अंतराच्या निम्मेच किंवा त्याहून कमी मिळतात आणि काही क्लासला शून्य, तेव्हा तिकिटावरचं ते एक अक्षर बघून त्या प्रोग्रॅमच्या पार्टनर चार्टमध्ये (कुठल्या एअरलाईनच्या कुठल्या क्लासला किती माइल्स, त्याचा तक्ता) शोधल्याशिवाय काही ठरवू नका. तुमचा प्रोजेक्ट छोटा निघाला तर माझ्या मते हाच मार्ग बरा, अलायन्स तीच, विमानं तीच, फक्त मोजणारा बदलला.

ज्या एअरलाईनने उडता तिचंच गोल्ड आणि अलायन्समधल्या दुसऱ्या एअरलाईनचं गोल्ड यातही फरक असतो. युनायटेडचं स्वतःचं गोल्ड असलेला माणूस अमेरिकेतल्या अमेरिकेत उडत असेल तर त्याला त्या गोल्डवर युनायटेडच्या लाउंजमध्ये जाता येत नाही, पण स्टार अलायन्सच्या दुसऱ्या एअरलाईनचं गोल्ड असेल तर त्याच फ्लाइटवर, त्याच लाउंजमध्ये प्रवेश मिळतो. उलट अपग्रेड मात्र शक्यतो त्या एअरलाईनच्या स्वतःच्या मेंबर्सनाच मिळतात. तुम्हाला लाउंज आणि बॅग हवी की अपग्रेड, हे स्वतःला विचारल्याशिवाय कुठला प्रोग्रॅम चांगला हे कुणीच सांगू शकत नाही.

राहिले ते दीड लाख माइल्स. ते वापरा, साठवू नका. माइल्सवर व्याज नाही, उलट एअरलाईनने तिकिटाचे दर वाढवले की ते बसल्या जागी स्वस्त होतात, आणि आता पुष्कळ ठिकाणी किती माइल्सला कुठलं तिकीट याचा ठरलेला चार्टच नाही, रोज बदलणारे दर आहेत. अवॉर्ड सीट्स, म्हणजे माइल्सवर मिळणाऱ्या सीट्स, साधारण अकरा-बारा महिने आधी खुल्या होतात, म्हणजे गोल्ड असतानाच पुढच्या वर्षीचं घरच्यांबरोबरचं तिकीट काढून ठेवता येईल, आणि काही प्रोग्रॅममध्ये वरच्या स्टेटसवाल्यांना जास्त सीट्स दिसतात किंवा रद्द करायचा चार्ज कमी पडतो, तोही फायदा आत्ताच घ्या. फक्त टॅक्सच्या जोडीला एअरलाईनने स्वतःचा सरचार्ज (जादा आकार) किती लावलाय ते शेवटच्या पानावर नीट बघा, काही एअरलाइन्स फुकटच्या तिकिटावरही तो भरपूर लावतात. एअर कॅनडाने २०२० मध्ये त्यांच्या एरोप्लॅन या प्रोग्रॅममधून तो काढून टाकला, सगळ्यांनी काढलेला नाही.

प्रश्न : ज्या प्रोग्रॅममध्ये आपण आहोत ती एअरलाईनच अलायन्स सोडून गेली किंवा बंद पडली तर माइल्सचं काय होतं?

उत्तर : दोन्ही प्रकार घडलेत. एसएएस ही स्कँडिनेव्हियातली, स्टार अलायन्सची १९९७ पासूनची संस्थापक एअरलाईन, ती ३१ ऑगस्ट २०२४ ला बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी स्कायटीममध्ये गेली. त्यांच्या युरोबोनस या प्रोग्रॅमच्या मेंबर्सचे पॉइंट्स राहिले, गोल्डसुद्धा राहिलं, पण ते चालायच्या जागा एका रात्रीत बदलल्या, आणि ज्याचा सगळा प्रवास स्टारच्या बाकी विमानांनी होता त्याच्या दृष्टीने ते कार्ड बरंचसं रिकामं झालं. असा बदल बहुतेक वेळा खूप आधी जाहीर होतो, तेव्हा तेवढ्या वेळात जुन्या पार्टनरवरची तिकिटं काढून घ्यायची.

बंद पडणं जास्त वाईट. एअर बर्लिनने ऑगस्ट २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि पाठोपाठ तिचा टॉपबोनस हा प्रोग्रॅमही दिवाळखोरीत गेला, लोकांना साठवलेल्या माइल्सवर तिकीट काढता येईना. म्हणून एअरलाईनच्या तब्येतीबद्दल बातम्या यायला लागल्या की माइल्स आधी खर्च करा, आणि क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स असतील तर तिकीट काढायची वेळ येईपर्यंत ते बँकेकडेच ठेवा. एकदा एअरलाईनकडे पाठवले की सहसा परत येत नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे एका प्रोग्रॅमचं गोल्ड आहे, पण माइल्स दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये हवेत. एकाच फ्लाइटला दोन्ही नंबर चालतात का?

उत्तर : एका फ्लाइटचे माइल्स एकाच अकाउंटला जमा होतात, दोन ठिकाणी मागितलेत तर दुसरा क्लेम परत येतो. लाउंजच्या दारात बोर्डिंग पासवर छापलेलं स्टेटस बघतात, त्यामुळे तिथे गोल्डचाच नंबर असलेला बरा. काही जण लाउंजमधून निघाल्यावर गेटवर नंबर बदलून घेतात, कधी होतं, कधी स्टाफला वेळ नसतो आणि कधी सिस्टीम जुनाच नंबर धरून बसते, त्यामुळे त्यावर वर्षभराचं प्लॅनिंग करू नका. बोर्डिंग पास जपून ठेवा. नंबर टाकायचा राहूनच गेला असेल तर बहुतेक प्रोग्रॅममध्ये काही महिने मागून क्लेम करता येतो, क्रिसफ्लायरमध्ये ही मुदत सहा महिने आहे, आणि तेव्हा ई-तिकिटाचा नंबर आणि बुकिंग क्लास दोन्ही विचारतात.