इंग्लंडमध्ये फेरेट आणि टेरियर लावून खुराड्याखालचे उंदीर काढता येतात का?

तुमचं कोंबड्यांचं खुराडं जमिनीला टेकलेलं आहे, कडेला सहा-सात बिळं दिसतात आणि गावातले एक गृहस्थ आपली फेरेट (मुंगसासारखा लांबट अंगाचा, बिळात शिरणारा पाळीव प्राणी) आणि दोन टेरियर (छोट्या चणीचे शिकारी कुत्रे) घेऊन यायला तयार आहेत. याचा उपयोग होतो का आणि कायद्यात बसतं का, असं तुम्ही विचारलंय. उपयोग होतो, चांगला होतो. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: फेरेटने उंदीर मारायचा नसतो, त्याला बाहेर पडायला लावायचं असतं. मारायचं काम कुत्र्याचं. बिळात झुंज जुंपली, तर बहुतेक वेळा बाहेरच्या माणसांचं काहीतरी चुकलेलं असतं.

कायद्याचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४च्या हंटिंग ॲक्टने कुत्रे लावून रानटी सस्तन प्राण्यांची शिकार करायला बंदी घातली, पण उंदरांना त्यात सूट आहे. अट एवढीच, की जागा तुमची असावी किंवा ती ज्याच्या ताब्यात आहे त्याने परवानगी दिलेली असावी. २००६च्या प्राणीकल्याण कायद्यामुळे आपल्याजवळच्या जनावरांना विनाकारण यातना होऊ देता येत नाहीत. त्यात फेरेट आणि कुत्रे दोन्ही आले.

खुराड्यामागे चर किंवा ओढा असेल तर मात्र थांबा. तिथली बिळं वॉटर व्होल या पाण्याकाठी राहणाऱ्या, उंदरासारख्या दिसणाऱ्या प्राण्याची असू शकतात, आणि त्याला २००८पासून पूर्ण संरक्षण आहे. त्याच्या लेंड्या दोन्ही टोकांना बोथट, हिरवट आणि साधारण सेंटिमीटरभर लांब असतात, एका जागी ढीग असतो आणि त्यांना फारसा वास येत नाही. जवळपास तिरपे कुरतडलेले गवताचे देठ पडलेले दिसतात. उंदराच्या लेंड्या मोठ्या असतात आणि त्यांना घाण वास येतो. शंका असेल तर काठावरच्या बिळात फेरेट सोडू नका.

आता फेरेट कोणती, याकडे वळू. मादीचं वजन ६०० ग्रॅम ते १ किलो असतं, नर दीड-दोन किलोपर्यंत जातो. उंदराच्या बिळाचं तोंड ६ ते ९ सेंटिमीटर. मोठा नर आत अडकतो, वळू शकत नाही आणि त्याच्या तोंडावर चावे बसतात. म्हणून छोट्या चणीची, चपळ मादीच हवी, आणि ती वर्षाच्या वरची, आधी सशांच्या बिळांत काम केलेली असावी. कोवळ्या वयात उंदराचा जबर चावा बसला, तर ती पुन्हा बिळाकडे फिरकत नाही. तोंडाला मुसकं तर अजिबात नको. ४०० ग्रॅमचा कोंडलेला उंदीर समोर असताना तिला स्वतःला वाचवता आलं पाहिजे. शक्यतो पांढरी किंवा फिकट रंगाची निवडा. अंधूक उजेडात कुत्र्याला आणि माणसाला ती चटकन ओळखू येते.

टेरियर जॅक रसेल, बॉर्डर, पॅटरडेल किंवा प्लमर, कुठलाही चालेल. जातीपेक्षा तो फेरेटला सरावलेला आहे का, हे महत्त्वाचं. उंदरामागोमाग फेरेट भोकातून डोकं काढते, आणि न सरावलेला कुत्रा तिलाच उचलतो. गृहस्थांना हे स्पष्ट विचारा. दोन कुत्रे पुरेत. चार-पाच झाले की एका उंदरावरून आपसात भांडतात आणि तेवढ्यात दुसरे तीन निसटतात.

वेळ साधायची ती ऑक्टोबर ते मार्च. तेव्हा झाडोरा बसलेला असतो आणि शेतातले उंदीर आडोशाला आलेले असतात. उन्हाळ्यात बिळात पिल्लं जास्त असतात. पिल्लांची आई बाहेर पळत नाही, ती शेवटपर्यंत लढते. ती मारली गेली, तर फेरेट पिल्लं खाऊन तिथेच झोपते आणि तुम्ही बाहेर तास-दोन तास ताटकळता.

आदल्या संध्याकाळी प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचा सैल बोळा घाला. सकाळी जे बोळे बाहेर ढकललेले असतील, ती बिळं वापरातली. गवत मात्र चार-पाच दिवस आधीच कापा, आयत्या वेळी यंत्राचा आवाज नको. कोंबड्या लांब नेऊन दाराआड कोंडा. फेरेट आणि टेरियर दोघंही कोंबडी मारतात. सगळे बोळे काढा. शेजाऱ्याच्या भिंतीखाली जाणारं किंवा कुत्रा पोचू शकत नाही असं भोक तेवढं मातीच्या ढेकळाने बंद करा, बाकी सगळी उघडी राहू द्या. उंदराला वाट दिसली तरच तो निघतो.

कुत्रा भोकाच्या तोंडाशी नाक खुपसून उभा असेल, तर उंदराला त्याचा वास येतो. तो मागे वळतो आणि फेरेटवर जातो. बहुतेक जखमा अशाच होतात. म्हणून कुत्रे भोकापासून मीटरभर मागे, वरच्या अंगाला किंवा बाजूला ठेवायचे आणि ते गप्प हवेत. माणसांनी पाय आपटायचे नाहीत, बोलायचं नाही. जमिनीची थरथर उंदराला आत बसवून ठेवते. कुणी फावडं उगारून उभं राहू नये, त्यात कुत्रे जायबंदी होतात. फेरेट सकाळी हलकं खाऊन आलेली असावी. भरल्या पोटी ती आत झोपते, उपाशी असेल तर शिकार करून तिथेच खात बसते.

ती बाहेर येऊ लागली की झडप घालून पकडू नका. पूर्ण बाहेर येऊ द्या आणि मग हात खाली घालून उचला. हिसका दिला, तर पुढच्या वेळी ती भोकाच्या तोंडाशीच घुटमळते आणि बाहेर येत नाही. अर्ध्या तासाने तिला विश्रांती देऊन दुसरी सोडलेली बरी.

काही जण करवतीच्या इंजिनाचा धूर नळीने बिळात सोडतात. लाकडी खुराडं आणि पेंढा असताना मी तो सल्ला देणार नाही.

गेल्या काही आठवड्यांत विष ठेवलं असेल, तर ते लपवू नका. ब्रोमॅडिओलोन, डायफेनाकोम यांसारखी विषं रक्त गोठू देत नाहीत आणि उंदीर मरायला काही दिवस लागतात. असा उंदीर खाल्लेल्या कुत्र्याला किंवा फेरेटला तेच विष बाधू शकतं. त्यावर उतारा जीवनसत्त्व के-१, आणि तो पशुवैद्याकडून वेळेत मिळायला हवा. मेलेला उंदीर लगेच उचलायचा, कुत्र्याला चघळू द्यायचा नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात ऐकलेला लेप्टो इथेही उंदरांच्या लघवीतून येतो. कुत्र्यांना त्याची लस दर वर्षी लागते. तुम्ही हातमोजे घाला, कापलेलं-खरचटलेलं झाका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि अंगदुखी आली, तर डॉक्टरांना उंदरांचा संबंध आपणहून सांगा. घरी गेल्यावर फेरेटची केसाळ मान आणि ओठ चाचपायचे. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ घालून जखम धुवायची. सूज आली तर पशुवैद्य, आणि पूर्ण बरी होईपर्यंत काम बंद.

गावाकडे असंच मुंगूस वापरायचा विचार कुणाच्या मनात आला, तर ते करू नये. भारतात मुंगूस १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.

काम झाल्यावर खुराडं २०-३० सेंटिमीटर उचलून विटांवर ठेवा, म्हणजे खाली आडोसा उरत नाही. धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवा, संध्याकाळी खाण्याचं भांडं आत घ्या. जमिनीलगतच्या फटींना १३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक तारेची जाळी ठोका. मादी उंदीर साधारण तीन आठवड्यांत विते, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा कागदाचे बोळे लावून पाहा. एक जरी बोळा बाहेर आला, तर त्या गृहस्थांना परत बोलवा.