वाचक विचारतात : राज्य खरंच कर्जात बुडालंय का?

प्रश्न (एक वाचक, कळवा) : विरोधी पक्षाचे नेते रोज टीव्हीवर सांगतायत की राज्यावर 9 लाख कोटींच्या वर कर्ज झालंय, पैसे वाटून वाटून तिजोरी रिकामी केली, आता पगाराचे पण वांधे होणार. ऑफिसात यावरून रोज भांडणं होतात. खरं काय ते एकदा सांगा.

उत्तर : आकडा खरा आहे दादा, पण तुम्हाला अर्धाच सांगितला गेलाय. अजित पवारांनी 10 मार्च 2025 ला जो 2025-26 चा अर्थसंकल्प मांडला त्यात कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असं सरकारनेच लिहून दिलंय, कुणी शोधून काढलेलं नाही. पण त्याच कागदांत राज्याचं सकल उत्पन्न, म्हणजे सरकारचं नव्हे तर राज्यातल्या सगळ्या शेती-उद्योग-धंद्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न, 49 लाख 39 हजार कोटी धरलंय, ते टीव्हीवर कुणी बोलत नाही. म्हणजे कर्ज झालं उत्पन्नाच्या 18.87 टक्के आणि घालून दिलेली मर्यादा आहे 25 टक्के. वित्तीय तूट, म्हणजे वर्षाच्या एकूण खर्चाला कमी पडणारी रक्कम, 1 लाख 36 हजार कोटी, तीसुद्धा त्या उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आत. पंजाबचं कर्ज 40 टक्क्यांच्या वर गेलंय, तिथली ओरड मी समजू शकतो, पण महाराष्ट्राला त्या रांगेत बसवायचं हा सरळसरळ अन्याय आहे. महिना दोन लाख कमावणाऱ्याचं होमलोन आणि वीस हजारवाल्याचं होमलोन एकाच मापाने मोजतं का कुणी?

व्याजाचं बघा. 2025-26 मध्ये साधारण 64-65 हजार कोटी व्याजात जातील आणि सरकारचा महसूल 5 लाख 60 हजार कोटींचा असेल असा अंदाज होता, म्हणजे शंभर रुपये आले की साडेअकरा व्याजाला. कमी नाहीयेत, पण एवढ्यावरून पगार थांबतील म्हणणं म्हणजे लोकांना उगाच घाबरवणं झालं.

आणि पैसा गेला कुठे हे आपण ठाणेकरांनी तरी विचारू नये, डोळ्यासमोर आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला, 701 किलोमीटरचा रस्ता नागपूरवरून निघून आपल्या भिवंडी तालुक्यात आमणेला येऊन थांबतो. वाशी मार्केटला माल आणणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला कसारा घाटाबद्दल विचारा, भरलेला ट्रक उतारावर ब्रेक गरम होऊन उभा राहायचा, मागे दोन-दोन किलोमीटर लाइन, आणि तोवर ताडपत्रीखालचा भाजीपाला उकडून निघायचा. आता इगतपुरीपाशी जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा झालाय, घाट उतरायचं कामच राहिलं नाही. अटल सेतू तसाच, 12 जानेवारी 2024 ला उघडला, त्याचं कर्ज एमएमआरडीएने जपानच्या जायका या सरकारी संस्थेकडून कमी व्याजाने, लांब मुदतीवर घेतलंय. असल्या कामांना कर्ज नाही काढायचं तर कशाला काढायचं? चाळीस वर्षं वापरायची वस्तू एका वर्षाच्या करातून उभी राहत नसते, आणि आज टीका करणारे सत्तेत होते तेव्हा त्यांनीही कर्ज काढूनच रस्ते बांधले, त्यात काही चुकीचं नव्हतं.

एका ठिकाणी मात्र टीकेत दम आहे. 2025-26 च्या अंदाजात महसुली तूट 45,891 कोटींची होती, म्हणजे रोजचा खर्च भागवायलाही उसने घ्यावे लागतायत. ती कमी व्हायलाच पाहिजे, विरोधकांनी खरं तर यावर बोट ठेवायला हवं, पण 9 लाख कोटी हा आकडा जास्त भारी वाटतो ना, म्हणून तोच वाजतो.

प्रश्न (एक भगिनी, दिघा) : लाडकी बहीण म्हणजे मतांची लाच असं म्हणतात, ऐकून वाईट वाटतं. आणि 2100 चं काय झालं?

उत्तर : ताई, वाईट वाटून घेऊ नका. जुलै 2024 पासून महिन्याला 1500 रुपये थेट बाईच्या खात्यात येतात, मध्ये कुठला एजंट नाही की नगरसेवकाची चिठ्ठी नाही. तुमच्या दिघा-ऐरोली पट्ट्यात घरकाम करणाऱ्या कितीतरी बायकांच्या पासबुकात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने दर महिन्याची एंट्री पडली, त्यातून गॅस येतो, पोराची क्लासची फी जाते, आणि तो पैसा सगळा आपल्याच नाक्यावरच्या दुकानात फिरतो. उद्योगांना सवलत दिली की तिला प्रोत्साहन म्हणायचं आणि बाईला 1500 दिले की लाच, हे मला अजिबात पटत नाही. 2025-26 साठी 36 हजार कोटी ठेवले होते, आणि 26 लाखांवर अपात्र नावं थांबवली तेव्हाही हेच विरोधक ओरडले. पैसे वाटले तर उधळपट्टी आणि छाननी केली तर फसवणूक, दोन्ही कसं चालेल? 1500 चे 2100 करायचं आश्वासन महायुतीने निवडणुकीत दिलं होतं, ते पाळायला हवं, तुम्ही हक्काने मागा.

शिवाय मुलींच्या फीचं विसरू नका. 2024-25 पासून घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना इंजिनीअरिंग-फार्मसीसारख्या कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आधी निम्मीच होती. प्रवेश घेताना कॉलेज पूर्ण फी भरा म्हणालं तर भरू नका, शासन निर्णय दाखवा.

प्रश्न (एक तरुण, ऐरोली) : उद्योग सगळे गुजरातला पळवले, मग आम्हाला नोकऱ्या कुठून मिळणार?

उत्तर : सगळे नाहीत रे. टाटा-एअरबसचा विमानांचा कारखाना वडोदऱ्याला गेला, ते दुखणं खरं आहे. पण वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना गुजरातला गेला म्हणून 2022 मध्ये केवढं रान उठवलं होतं, आणि जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन स्वतःच त्यातून बाहेर पडली, त्यावर मात्र कुणी बोललं नाही. 2024-25 मध्ये देशात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीचा 39 टक्के हिस्सा एकट्या महाराष्ट्राचा होता, दुसऱ्या नंबरच्या कर्नाटकचा 13. तुझ्याच ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात बघ, केमिकलच्या कंपन्या होत्या तिथे आज डेटा सेंटर उभी राहतायत. त्यात माणसं कमी लागतात हे खरं, म्हणून नवी मुंबई विमानतळावर लक्ष ठेव. डिसेंबर 2025 पासून विमानं सुरू झालीत, आता कार्गो, ग्राउंड हँडलिंग, मेंटेनन्स, वेअरहाऊस अशी कामं उलवे-पनवेल भागात निघतील. आयटीआय झाला असशील तर तिकडे अर्ज करून ठेव.

प्रश्न (एक वाचक, कासारवडवली) : एवढं कौतुक करता, एकदा घोडबंदर रोडवर येऊन दाखवा.

उत्तर : इथे बचाव करणार नाही. टोलचा निर्णय चांगला होता, 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर कारचे 45 रुपये वाचले. ठाण्यातल्या 29 किलोमीटरच्या रिंग मेट्रोलाही मंजुरी मिळालीय. पण घोडबंदरवरून जाणाऱ्या मेट्रो 4 चं काम 2018 ला सुरू झालं आणि सप्टेंबर 2025 ला कुठे गायमुखकडच्या तुकड्यावर चाचणी झाली, एवढा वेळ लागायला नको होता. पावसात खांबांच्या दोन्ही बाजूला पडणाऱ्या खड्ड्यांना कुठलाच अर्थसंकल्पाचा आकडा उत्तर नाही. विरोधकांनी यावर मोर्चा काढला तर बिनधास्त जा.