विष पोटात गेलं तर उलटी करवावी का?

प्रश्न : आमच्या गावात कोणाच्या पोटात फवारणीचं औषध गेलं की मिठाचं पाणी पाजतात, कोणी मोरचूद घोळून देतात. मागच्या हंगामात फवारून आलेल्या माझ्या दिराला चक्कर आली, तेव्हाही मिठाचं पाणीच पाजलं. उलटी करवायचं औषध दुकानात मिळतं का? घरी ठेवावं का? त्याचे दुष्परिणाम काय?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, घरी ठेवू नका आणि पाजूही नका. दुकानात ‘उलटीचं औषध द्या’ म्हटलं तर उलटी थांबवायची गोळीच हाती पडेल. उलटी करवणारं जुनं औषध म्हणजे इपेकॅकचं सिरप. ते पोटात गेल्यावर उलटी व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात विष रक्तात उतरू लागतं. शिवाय उलटीने सगळं विष कधीच निघत नाही. नंतर उलट्या थांबत नाहीत, हगवण लागते, गुंगी येते. ही गुंगी विषाची की औषधाची, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. वारंवार घेतलं तर त्यातलं इमेटिन हृदयाच्या स्नायूला इजा करतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2003 मध्येच ते घरात ठेवू नका असं सांगितलं.

मीठ तर आणखी वाईट. मोठा चमचा भरला की 15 ग्रॅमच्या आसपास मीठ होतं. ग्लासात असे दोन-तीन चमचे घातले आणि उलटी झाली नाही, तर रक्तातलं सोडियम चढतं, मेंदूतलं पाणी ओढलं जातं. आधी तहान आणि चिडचिड, मग गुंगी, मग झटके. लहान लेकराचा जीव दोन चमच्यांतही जाऊ शकतो.

मोरचूद संत्र्याच्या झाडासाठी आहे, माणसाच्या पोटासाठी नाही. त्याने जठराला जखमा होतात, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडं बंद पडतात. म्हणजे एका विषावर दुसरं विष.

बऱ्याच कीटकनाशकांत रॉकेलसारखं द्रावक असतं. उलटी होताना ते फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. रोगी गुंगीत असेल तर हा धोका फारच. ॲसिड पोटात गेलं असेल, तर अन्ननलिका जाताना एकदा भाजते, येताना दुसऱ्यांदा.

दिरांच्या बाबतीत तर पोटात काही नव्हतंच. पाठीवरचा पंप गळतो, पाठ भिजते, तुषार नाकात जातात. विष कातडीतून आणि श्वासातून शिरतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे दगावले, तेव्हाही वाट मुख्यतः हीच होती. अशा माणसाला उलटी करवून काय निघणार?

आधी त्याला वावरातून बाहेर आणा, भिजलेले कपडे उतरवा. हातात प्लास्टिकची पिशवी घालून साबण-पाण्याने अंग धुवा. केस, कानामागची जागा आणि नखं विसरू नका. डोळ्यात गेलं असेल तर 15 मिनिटं स्वच्छ पाणी सोडा. डाव्या कुशीवर निजवा, तोंडातली लाळ पुसत राहा. 108 ला फोन करा. दूध, ताक, तेल, काहीच पाजू नका. डबा लेबलासकट पिशवीत बांधून सोबत न्या. लाळ गळणं, घाम, बारीक झालेली बाहुली, छातीत घरघर दिसली तर डॉक्टर ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध देतात. मात्रा किती, हे तेच ठरवतात. नळी घालून पोट धुवायचं की नाही, तेही त्यांच्यावर सोडा.

मीठ किंवा मोरचूद आधीच पाजलं असेल तर लपवू नका. किती चमचे आणि किती वाजता, एवढं नेमकं सांगा. त्यावरून रक्ताच्या कोणत्या तपासण्या आधी करायच्या, ते ठरतं.